सम्राटाचं फर्मान निघालं की चर्च गप्प?

दफ्तरी: काल इथे एकाने ठोकून दिलं, ‘बायझंटाईन सम्राटाने फर्मान काढलं की चर्च मुकाट मान तुकवायचं.’ हे वाचून डोकं उठतं. सम्राट झेनोचं 482 चं हेनोटिकॉन, म्हणजे एकीचं फर्मान, घ्या. ख्रिस्ताचं देवपण आणि माणूसपण यांवर कॅल्सिडनच्या बिशप-परिषदेने दिलेला निर्णय इजिप्तमध्ये अनेकांना मान्य नव्हता; त्या विरोधकांना चुचकारायला हे काढलं आणि तो वाद शिताफीने टाळला. परिणाम? रोमच्या पोपने 484 मध्ये राजधानी कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कलाच, म्हणजे तिथल्या मुख्य बिशपलाच, बहिष्कृत केलं. 519 पर्यंत संबंध तुटलेले. 648 मध्ये सम्राट दुसऱ्या कॉन्स्टान्सने ‘ख्रिस्ताच्या इच्छा एक की दोन, यावर बोलायचंच नाही’ असा हुकूम काढला. पुढच्याच वर्षी पोप मार्टिनने तो धुडकावला.

जस्टिनियनप्रेमी: मग मार्टिनचं काय झालं तेही सांगा! 653 मध्ये धरून नेला, क्रिमियात हद्दपार केला, 655 ला तिथेच मेला. आणि फर्मान म्हणजे फक्त धर्ममत नव्हे. खर्च झेपेना म्हणून सम्राट जस्टिनियनने 535 मध्ये राजधानीतल्या हागिया सोफिया या मुख्य चर्चची माणसं मोजून ठरवली: 60 पुरोहित, 100 डीकन (पुरोहिताखालचे सेवक), 40 स्त्री-डीकन, 90 उपडीकन, 110 वाचक, 25 गायक. वर 100 द्वारपाल. ही मान तुकवणं नाही तर काय?

दफ्तरी: 612 मध्ये सम्राट हेराक्लियसला पुरोहित 80 आणि डीकन 150 करावे लागले. भरती थांबलीच नव्हती.

शाईदौत: फर्मान खरं कसं ठरायचं, हे कुणी बोलतच नाही. क्रिसोबुलच्या, म्हणजे सोन्याच्या मोहरेच्या फर्मानाच्या, मजकुरात ‘लोगोस’ (वचन) या शब्दाच्या जागा कोऱ्या सोडायच्या. सम्राटाची दौत सांभाळणारा अधिकारी त्या लाल शाईने भरायचा, सम्राट लाल शाईनेच सही करायचा, मग रेशमी दोऱ्यावर सोन्याची मोहर. सम्राटाची शाई दुसऱ्याने बाळगली तर 470 च्या कायद्याने देहदंड. आपल्याकडे पत्राच्या शेवटी मोर्तब झालं की पुढे ओळ वाढवता येत नसे, तसाच हा बंदोबस्त.

जस्टिनियनप्रेमी: विषय चर्चचा आहे, शाईचा नाही!

शाईदौत: चर्चचाच सांगतो. दहाव्या शतकातल्या दरबारी नियमांत पोपला धाडायच्या पत्राला एक सॉलिडस या सोन्याच्या नाण्याच्या वजनाची मोहर, पुढे दोनची; बगदादच्या खलिफाला चारची. सॉलिडस म्हणजे जेमतेम साडेचार ग्रॅम सोनं. कुणाची किती पत्रास ठेवायची, ते तराजूवर ठरलेलं होतं.

दफ्तरी: हे पटलं. आणि जस्टिनियनप्रेमी, एवढं मान्य करतो: पगार, नेमणुका, बिशपचं किमान वय हे फर्मानावर चालायचं. श्रद्धा नाही.

जस्टिनियनप्रेमी: सम्राट थिओडोसियसचं 380 चं थेस्सलोनिकाचं फर्मान, सगळ्यांनी निकेयाच्या परिषदेचंच धर्ममत मानावं असं सांगणारं, श्रद्धेचंच होतं. ते टिकलं की!

दफ्तरी: कारण 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत बिशपांनी तोच कौल दिला. नाहीतर त्याचंही हेनोटिकॉन झालं असतं.

जस्टिनियनप्रेमी: आणि ती परिषद बोलावली कुणी? थिओडोसियसनेच ना!