बाळंतपणाची ती रात्र डोक्यातून जात नाही, मदत हवी आहे

मैत्रिणींनो, बाळ सुखरूप आहे, टाके भरून आलेत, पण मन अजून लेबर रूममध्येच अडकलंय. पिशवीचं तोंड 6 सेंटिमीटर उघडलं आणि तिथेच थांबलं. कळा वाढवायला सलाइनमधून औषध दिलं. मग एकाएकी बाळाचे ठोके कमी झाले, घाईघाईत सही घेतली आणि थेट सिझेरियन. निर्णय बरोबरच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या धावपळीत माझ्याकडे बघून कुणी दोन वाक्यंही बोललं नाही. सगळ्यात जास्त तेच बोचतं.

आता बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही. कुठे मशीनचा बीप ऐकू आला की छातीत धडधडतं. बाळंतपणानंतरचं रडू, चिडचिड साधारण 2 आठवड्यांत ओसरते म्हणतात, माझं त्याच्या पुढे गेलंय. घरचे म्हणतात, "बाळ धडधाकट आहे ना, मग झालं!" बाळावर माझा जीव आहेच गं, पण म्हणून भीती जात नाही.

कुणाला असं झालंय का? आधी कुणाकडे गेलात, स्त्रीरोगतज्ज्ञ, समुपदेशक की मानसोपचारतज्ज्ञ? अंगावर पाजताना औषधं घेतली असतील तर डॉक्टरांशी काय बोलणं झालं, तेही सांगा. आणि एक विचारायचंय: केसपेपर घेऊन डॉक्टरांसमोर बसून त्या रात्री नेमकं काय घडलं ते समजून घेतलं, तर मन हलकं होतं का?