बटन मशरूम: देठ लांब, टोपी तिरकी, केसिंगवर (कंपोस्टवरच्या मातीच्या थरावर) मोकळे चट्टे. व्हायरस असेल का?

प्रश्न (कंपोस्टवाला): पहिल्याच फ्लशमध्ये (बहरात) काही बॅगांत असं दिसतंय, शेजारच्या बॅगा मात्र ठणठणीत. कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) फवारलं, फरक शून्य. पुढच्या लॉटआधी काय करू?

मायसेलियम: आधी हवा तपासा. कार्बन डायऑक्साइड 2000 पीपीएमच्या वर गेला की निरोगी पिकाचेही देठ लांबतात. पण ते खोलीभर दिसतं, आणि आकडा 1000 च्या आत आणला की पुढचा फ्लश सुधारतो. तुमच्याकडे बॅगेबॅगेत फरक आहे, त्यात चट्टे. व्हायरसचा संशय रास्त आहे. आजारी आणि निरोगी बटनच्या आतल्या गराचा एकेक तुकडा माल्ट अगारवर (बुरशी वाढवायच्या जेलीवर) 25 अंशांला वाढवा. व्हायरसवालं मायसेलियम (बुरशीचे तंतू) हळू, विरळ आणि तपकिरी येतं. पक्का निकाल मात्र आरटी-पीसीआर या प्रयोगशाळेतल्या चाचणीनेच.

बीजाणू_७०: फवारणी सोडा. हा व्हायरस बुरशीच्या तंतूंच्या आतच राहतो. त्याचाच ‘ला फ्रान्स’ रोग 1948 साली पेनसिल्व्हानियात दिसला, त्यात विषाणूचे कण 1962 मध्ये संशोधक हॉलिंग्जना सापडले. तो दोनच वाटांनी पसरतो: तंतू एकमेकांना जुळून आणि बीजाणूंतून. बॅगा वेगळ्या असल्या की तंतू भिडत नाहीत, म्हणजे तुमच्याकडे बहुधा बीजाणूच आले असणार. स्पॉन (मशरूमचं बियाणं) टाकताना आले तर नुकसान सर्वांत जास्त, केसिंगनंतर आले तर फारसं जाणवत नाही.

म्हणून टोपीखालचा पडदा फाटून बीजाणू उडण्याआधीच तोडणी करा, उघडलेली एकही छत्री खोलीत ठेवू नका. लॉट संपला की बॅगा बाहेर काढण्याआधी वाफ सोडा: कंपोस्टच्या आत 70 अंश, सलग 12 तास. थर्मामीटर कंपोस्टमध्ये खुपसा, खोलीच्या हवेचं तापमान फसवं असतं. लाकडी रॅक असतील तर तेही याच वाफेत येऊ द्या, फटीत जुने तंतू जिवंत राहतात. स्पॉन रनच्या (कंपोस्टमध्ये तंतू पसरण्याच्या) खोलीत येणारी हवा 2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून घ्या. बीजाणू 5 ते 8 मायक्रॉनचे, त्यात अडकतात.

उष्णबटन: एवढं करूनही पुन्हा आला तर एक लॉट अॅगॅरिकस बायटॉर्क्विस या बटनच्या दुसऱ्या जातीचा घ्या. त्याचे तंतू नेहमीच्या बटनशी जुळत नाहीत, त्यामुळे व्हायरस त्यात शिरत नाही आणि साखळी तुटते. त्याला फळधारणेला 24-25 अंश लागतात, उन्हाळ्यात सोयीचं. मात्र त्याच उष्णतेत फॉल्स ट्रफल ही पिकाला मारक बुरशी फोफावते, म्हणून कंपोस्टचं पाश्चरायझेशन (वाफेने निर्जंतुकीकरण) अर्धवट सोडू नका.