'तीव्र मलेरिया' की 'गंभीर मलेरिया'? आणि 'प्रतिकारशक्ती कमी' म्हणावं का?

रानवारा: लहान मुलांचा मलेरिया आणि जनुकं यावर मराठीत लेख लिहितेय, एका वाक्यावर गाडी अडलीये. एकाच गावातली दोन मुलं, अंगात तोच फाल्सिपेरम जंतू, एक मूल तापाने फणफणतं आणि थोड्या दिवसांत हिंडाफिरायला लागतं, दुसरं बेशुद्ध पडतं, आणि हा फरक काही अंशी जनुकांमुळे असतो एवढंच सांगायचंय. मी लिहिलंय: 'जनुकीय दोषामुळे प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलांना तीव्र मलेरिया होतो.' वाचताना खटकतंय पण नेमकं काय ते कळत नाहीये.

काथ्याकूट: आधी 'तीव्र' काढा. तीव्र म्हटलं की वाचणारा थर्मामीटर बघतो, ताप 104 म्हणजे तीव्र. मुलांमध्ये ज्याला डॉक्टर सिव्हिअर मलेरिया म्हणतात त्यात मूल हाका मारूनही जागं होत नाही, किंवा हिमोग्लोबिन 5 च्या खाली जातं, किंवा श्वास खोल आणि जोरात चालतो, आणि हे सगळं असताना ताप फार चढलेला असेलच असं नाही. शिवाय तीव्र हा शब्द अॅक्यूटसाठी, म्हणजे अचानक सुरू होणाऱ्या आजारासाठी पण सर्रास वापरतात त्यामुळे घोळ आणखी वाढतो. 'गंभीर मलेरिया' लिहा, 'पेशंट गंभीर आहे' म्हटल्यावर काय ते घरात सगळ्यांना कळतं.

पेशीपुराण: गंभीरला माझंही मत. माझा खरा आक्षेप 'दोष'वर आहे. 1991 मध्ये गॅम्बियातल्या मुलांवरचा अभ्यास आला, त्यात एचएलए नावाच्या जनुकांपैकी एकाचं बी53 हे रूप ज्यांच्याकडे होतं त्यांच्यात गंभीर मलेरिया कमी दिसला. एचएलए जनुकं काय करतात तर पेशीच्या आत शिरलेल्या जंतूच्या प्रथिनाचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर आणून मांडतात, ते बघून मारक टी पेशी त्या पेशीवर तुटून पडतात. कुठलं रूप कुठला तुकडा पकडू शकतं हे वेगवेगळं असतं. आता ज्या मुलाकडे बी53 नाही त्याच्यात दोष आहे का? मुळीच नाही, त्याच्याकडे दुसरं रूप आहे जे दुसऱ्या एखाद्या जंतूला भारी पडेल. म्हणून 'जनुकभेद' किंवा सरळ 'जनुकाचं वेगळं रूप' म्हणा. पुस्तकांत 'युग्मविकल्पी' असा शब्द भेटतो, तो सामान्य वाचकाच्या माथी मारू नका.

रानवारा: हे पटलं. पण प्रतिकारशक्ती कमी हे तर बरोबर आहे ना?

पेशीपुराण: तेच तर सगळ्यात जास्त चुकतंय! आपण प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी समजतो, जितकं जास्त तितकं बरं. टीएनएफ घ्या. जंतू दिसला की शरीर हे रसायन सोडतं, त्याने जंतू मरायला मदत होते, पण ते प्रमाणाबाहेर गेलं की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर जास्त चिकट होतं आणि जंतू असलेल्या लाल पेशी तिथे अडकून बसतात. 1994 मध्ये गॅम्बियातच असं दिसलं की टीएनएफ जनुकाचं एक ठराविक रूप आई आणि वडील दोघांकडून आलेल्या मुलांना मेंदूच्या मलेरियाने मृत्यू किंवा मज्जासंस्थेची कायमची इजा होण्याचा धोका सुमारे 7 पट होता. म्हणजे कमी शक्ती नव्हे, भलत्या वेळी भलताच जोर. म्हणून मी 'प्रतिकारयंत्रणेचा प्रतिसाद' लिहीन, शब्द लांब आहे पण त्यात कमी-जास्तचा हिशोब आपोआप येत नाही.

काथ्याकूट: यात एक भर. 2014 मध्ये 12 ठिकाणच्या गंभीर मलेरियाच्या 11,890 पेशंटांवर मलेरियाशी संबंध आधी सांगितला गेलेली जनुकं परत तपासली, तेव्हा त्यातली बरीच टिकली नाहीत, सिकलसेल, ओ रक्तगट अशी मोजकीच ठामपणे उरली. म्हणून ते 7 पट लिहिताना 'गॅम्बियातल्या एका अभ्यासात' एवढं तरी लिहाच. आणि सिकलसेलला प्रतिकाराचं जनुक म्हणू नका, ते लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनचं.

रानवारा: मग सिकलसेलच्या वाहक मुलांना, म्हणजे ते जनुक आई किंवा वडील एकाकडूनच आलेल्या मुलांना, 'मलेरिया होत नाही' असं लिहू शकते ना?

पेशीपुराण: नाही नाही, होतो. डास चावतो, जंतू रक्तात येतो, ताप पण येऊ शकतो, पण गंभीर होण्याचं प्रमाण फार खाली येतं, साधारण दहातला एकच उरतो. इथे क्रियापद महत्त्वाचं, 'होत नाही' आणि 'सहसा गंभीर होत नाही' यात त्या मुलाच्या आईने मच्छरदाणी लावायची की नाही हे ठरतं.

रानवारा: आता असं केलंय: 'प्रतिकारयंत्रणेच्या जनुकांची रूपं मुलागणिक वेगळी असतात, त्यामुळे एकाच जंतूला शरीराचा प्रतिसाद वेगळा मिळतो आणि काही मुलांमध्ये मलेरिया गंभीर होतो.'

काथ्याकूट: छान. फक्त 'त्यामुळे'च्या जागी 'त्यामुळेही' करा. मूल किती लहान आहे, आधी मलेरिया होऊन गेलाय का, औषध किती लवकर मिळालं, ही कारणं पण तितकीच खरी आहेत.