मदत हवी आहे: परसात येणारी मांजर गाभण असावी, पावसाच्या आत काय तयारी करू? (सांगली)

जास्वंदी

सांगलीत गावभागात जुनं घर आहे, मागे परस, परसात जळणाची खोप आणि पडकी न्हाणी. महिनाभर एक तिरंगी मांजर येते आहे. कुणाची पाळलेली दिसत नाही. हात लावू देत नाही, पण चार फुटांवर बसून खाते. आता पोट दोन्ही अंगांनी सुटलंय आणि भूक वाढलीय. कान शाबूत आहेत, टोक कापलेलं नाही. सासूबाई दोन वेळा दूध-भाकरी घालतात.

प्रश्न असे: गाभण आहे हे हात न लावता कसं ओळखायचं? खायला काय द्यावं? जागा कुठे करावी, कारण पूर आला की परसात पाणी शिरतं. आणि जाऊबाईंना पाचवा महिना आहे, त्यांना मांजरीपासून काही धोका?

तिसरी घंटा

तिरंगी म्हणजे भाटीच धरून चाला, तीन रंगांचा बोका क्वचितच निघतो. नसबंदी करून सोडलेल्या मांजरांच्या कानाचं टोक सहसा कापलेलं असतं. तेही शाबूत आहे, म्हणजे शक्यता दाट आहे.

पण पोट नंतर बघा, आधी सड बघा. बोक्याशी संबंध आल्यावर साधारण १५ ते २० दिवसांत सड गुलाबी होतात, टपोरे दिसतात आणि भोवतालची लव विरळ होते. पहिलटकरणीत हे ठळक कळतं. आधी व्यायलेली असेल तर सड कायमच थोडे मोठे असतात, तेव्हा नुसत्या आकारावर जाऊ नका, रंग बदलतोय का ते बघा. ती अंग चाटायला बसली की मोबाइल जमिनीलगत धरून लांबूनच झूम करून फोटो काढा. पाच-सहा दिवसांनी त्याच जागेवरून पुन्हा काढा. दोन फोटो शेजारी ठेवले की आपोआप कळतं.

पोट साधारण पाचव्या आठवड्यापासून दिसू लागतं. एकूण दिवस ६३ ते ६५, दोन-चार इकडेतिकडे. म्हणजे पोट नुकतंच सुटलं असेल तर तुमच्या हातात जास्तीत जास्त चार आठवडे आहेत. ती कुशीवर पडलेली असताना पोटाची कातडी आतून हललेली दिसली, तर एक-दोन आठवडेच राहिलेत समजा.

आता गाभण नसताना पोट का सुटतं ते. भटक्या मांजरात पहिला संशय जंतांचा. त्यात पोट खाली लोंबतं, पण पाठीचा कणा आणि ढुंगणाची हाडं वर आलेली दिसतात, केस रखरखीत होतात. गाभण मांजर सहसा पाठीवरही भरते. दुसरं म्हणजे पोटात पाणी होणं: पोट वाढत जातं, मांजर मात्र वाळत जाते, खाणं टाकते, एका जागी बसून राहते. तिसरं गर्भाशयात पू होणं: ती सारखं पाणी पिते, मलूल असते, कधी मागून घाण वासाचा स्राव येतो (कधी तोही येत नाही). या शेवटच्या दोन्हींत वाट बघत बसू नका. तुमची मांजर हावरटासारखी खातेय, हे चांगलं लक्षण.

पोट दाबून पिल्लं मोजायच्या फंदात मुळीच पडू नका. गर्भाला इजा होते आणि तुम्हाला चावा बसतो. चावलीच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करायची. हळद-चुना लावायचा नाही.

उखळ-मुसळ

सासूबाईंची माया कळते, पण दूध बंद करा. मोठ्या मांजराला दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात, आणि गाभण मांजरीला जुलाब म्हणजे अंगातलं पाणी जाणं. भाकरीने पोट भरतं, पण तिला लागणारं टॉरिन नावाचं पोषक द्रव्य मिळत नाही. ते मांस-मासळीतूनच येतं. कमी पडलं तर गर्भ आतच जिरतात किंवा पिल्लं किडकिडीत निघतात.

सगळ्यात सोपं म्हणजे पिल्लांचं म्हणून मिळतं ते कोरडं खाद्य. मोठ्यांचं नव्हे, पिल्लांचंच, कारण त्यात प्रथिनं आणि उष्मांक जास्त असतात. साडेतीन किलोच्या मांजरीला आता दिवसाला ६० ते ८० ग्रॅम, तीन वेळांत विभागून. शेवटच्या आठवड्यांत गर्भाशय जठरावर दाब देतं, एका बैठकीत तिला जास्त खाता येत नाही. व्यायल्यावर हेच १२० ते १५० ग्रॅमपर्यंत जातं, मागेल तितकं द्या. खाद्य एकदम बदलू नका, चार-पाच दिवस आधीच्यात मिसळत न्या.

घरचं द्यायचं तर पाण्यात शिजवलेलं कोंबडीचं मांस, हाडं काढून, मीठ-मसाला न घालता. कांदा-लसूण पडलेला रस्सा अजिबात नको, त्याने तांबड्या पेशी फुटतात. काळीज आठवड्यातून एकदा, तेही लहान तुकडा. रोज दिलं तर अ जीवनसत्त्व साचून गर्भाला बाधतं. सुकट-बोंबील खारट असतात, कच्चे मासेही नकोत.

कॅल्शियमचं टॉनिक आणून घालू नका, ही चूक सर्रास होते. बाहेरून आयतं मिळत राहिलं की हाडांतून कॅल्शियम सोडायची शरीराची यंत्रणा मंदावते. मग दूध सुटल्यावर एकदम गरज वाढली की रक्तातलं कॅल्शियम कोसळतं.

ओसरी

जागेबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्याकडे खरी अडचण तीच आहे.

न्हाणी आणि जळणाची खोप ती स्वतः निवडणारच. अंधार आहे, आडोसा आहे. पण दोन्ही जमिनीलगत. म्हणून तिने ठरवायच्या आत तुम्ही उंचावर जागा करा. पडवीत किंवा जिन्याखाली द्राक्षांची दोन प्लास्टिक क्रेट पालथी घालून एकमेकांवर ठेवा आणि सुतळीने घट्ट बांधा, डगमगली तर ती पाऊल ठेवणार नाही. वर साधारण दोन फूट लांब, दीड फूट रुंद, सव्वा फूट उंच जाड पुठ्ठ्याचं खोकं. बाहेरून खताचं धुतलेलं पोतं किंवा ताडपत्री. शेजारी एक क्रेट पायरीसारखं ठेवा. पोट जड झालं की ती उंच उडी टाळते.

दार आखूड बाजूला, एका कोपऱ्यात, सहा-सात इंच रुंद. तळापासून चार-पाच इंचांचा उंबरठा सोडून मग कापा. उंबरठा नसला तर आई उठली की सडाला लोंबणारं पिल्लू बाहेर ओढलं जातं आणि थंड पडतं. पहिले तीन आठवडे पिल्लांना स्वतःची ऊब धरता येत नाही.

आत खाली वर्तमानपत्रांचा जाड थर, वर जुनं मऊ सुती लुगडं घडी करून. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांच्या फासात पिल्लांची नखं अडकतात. भुसा, कापूस नको. डांबराच्या गोळ्या नकोत. जागा फिनेल, डेटॉलने पुसू नका, ते मांजराच्या यकृताला झेपत नाही. साबणाचं पाणी आणि ऊन पुरे.

खाणं खोक्याजवळ ठेवू नका, दहा-पंधरा फूट लांब ठेवा आणि अर्ध्या तासाने उचला. उरलेल्या खाण्याच्या वासावर बोके आणि कुत्री येतात, आणि परका बोका तान्ही पिल्लं मारू शकतो. सुरुवातीला मात्र तिला जागा दाखवायला दोन-तीन दिवस वाटी रोज थोडी-थोडी खोक्याकडे सरकवत न्या, मग पुन्हा लांब.

एवढं करूनही ती खोक्यात येईलच असं नाही. खोपेतच व्यायली तर लगेच उचलाउचल करू नका. सारखं डोकावलं की मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, ते उगाच नाही. माणसाचा वास लागला म्हणून सहसा टाकत नाही, भीतीने हलवते.

पुराचं वेगळं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. तुमच्या परसात पाणी कितीला येतं हे घरात माहीत असेलच. त्याच्या बरंच आधी, कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की हलवा. दोन दारांचा पिंजरा आधीच मागून ठेवा. पिल्लं फडक्यासकट आतल्या टोकाला ठेवायची, पुढचं दार उघडं ठेवून लांब व्हायचं. आई मागोमाग आत जाते. मग दार लावून वरून चादर टाका, अंधारात ती शांत राहते. २०१९ सारखं ५७ फुटांवर गेलं तर माडीही पुरत नाही, तेव्हा मिरजेत किंवा वरच्या भागात कुणाकडे ठेवता येईल ते आत्ताच विचारून ठेवा.

जास्वंदी

खूप आभार. फोटो बघितले, सड स्पष्ट गुलाबी आहेत. सासूबाई दुधावरून नाराज, पण अंड्यावर तडजोड झाली. उकडलेलं चालेल ना? व्यायच्या वेळी आम्ही काय करायचं? आणि जाऊबाईंचं राहिलं.

उखळ-मुसळ

चालेल, दिवसाआड अर्धं.

तिसरी घंटा

व्यायच्या वेळी बहुतेक काहीच करायचं नाही, लांबून घड्याळ बघायचं. आधीचे १२ ते २४ तास ती खाणं टाकते, ये-जा करते, जागा उकरते. कळा सुरू झाल्या की दोन पिल्लांत दहा मिनिटांपासून तासाभराचं अंतर असतं. मधेच थांबून ती निवांत पिल्लं पाजत बसली तर घाबरू नका, मांजरीत असा खंड पडतो, कधी बऱ्याच तासांचा. वार ती स्वतः खाते, खाऊ द्या.

डॉक्टर कधी: जोरात कळा देऊन अर्ध्या तासात पिल्लू नाही. पिल्लू अर्धं बाहेर येऊन दहा मिनिटं अडकलं. ताजं लाल रक्त थांबत नाही. पहिल्या पिल्लाआधीच हिरवा किंवा घाण वासाचा स्राव. आणि व्यायल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात ती थरथरली, पाय ताठ झाले, धापा टाकू लागली, तर वर कॅल्शियमचं लिहिलंय तेच, काही तासांचा खेळ असतो. अडकलेलं पिल्लू ओढू नका.

म्हणून रात्री फोन उचलणारा पशुवैद्य आत्ताच शोधा. सगळेच मांजरं बघत नाहीत, गाई-म्हशींचे डॉक्टर तसं स्पष्ट सांगतात. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे, पण त्यांचा मुख्य भर जनावरांवर, तेव्हा त्याच एका आधारावर राहू नका. साताऱ्याकडचं कुणी वाचत असेल तर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

जंताचं औषध गाभणपणात चालतं, पण ठरावीकच आणि वजनावर, डॉक्टरांना विचारून. माणसांच्या जंताच्या गोळ्या नकोत. कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजरीला लावू नका, त्यातल्या परमेथ्रिनने मांजर मरते. पॅरासिटामॉलचंही तसंच.

जाऊबाईंबद्दल: धोका टोक्सोप्लाझ्मा या सूक्ष्म परजीवीचा, त्याचा संसर्ग गर्भाला बाधू शकतो, आणि तो येतो मांजरीच्या विष्ठेतून. विष्ठेतली अंडी संसर्गक्षम व्हायला निदान एक दिवस लागतो, म्हणून परसातली घाण रोजच्या रोज दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून उचलावी. जाऊबाईंनी परसातल्या मातीत हात घालू नये, तिथली कोथिंबीर-मेथी नीट धुऊन घ्यावी, मांस पूर्ण शिजवलेलंच खावं. मांजर अंगणात असण्याने काही होत नाही. तरी त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

कट्ट्यावरचा

एक विचारतो, राग मानू नका. आत्ताच नसबंदी केली तर? गाभण असतानाही होते.

तिसरी घंटा

होते, आणि दिवस कमी असते तर मीही तेच सुचवलं असतं. पिल्लं अर्थात जातात. पण पोट एवढं दिसतंय म्हणजे निम्म्याहून जास्त दिवस गेलेत. गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, रक्तस्रावाची जोखीम वाढते, त्यात ही हाती न लागणारी. हा निर्णय तपासून डॉक्टरच घेतील.

व्यायली तर पिल्लं चार आठवड्यांनी खायला लागतात, आठव्यापर्यंत अंगावरचं सुटतात. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी, दूध आटलं की लगेच तिची नसबंदी करा. पाजत असतानाही ती पुन्हा माजावर येऊन गाभण राहू शकते, तेव्हा दिवाळीनंतर बघू असं म्हणू नका. पिंजऱ्याची सवय आत्तापासूनच लावा: दार बांधून उघडं ठेवायचं आणि रोजचं एक खाणं त्यातच द्यायचं.