साताऱ्याचा राजपथ: एकेरी करायचा, की आधी चौक दुरुस्त करायचे?

मोजपट्टी
ग्रेड सेपरेटर २०२१ मध्ये सुरू झाला आणि पोवई नाक्याखालून वाहनं जाऊ लागली. नाक्यापासून राजवाड्यापर्यंत पायी चालणाऱ्याचं काय, हा प्रश्न तसाच आहे. माझं म्हणणं असं: वरचा रस्ता, म्हणजे राजपथ, जायला आणि खालचा, म्हणजे कर्मवीर पथ, यायला. सलग एकेरी, मधे तुकडे नकोत.

कारण साधं आहे, जागा. ज्या पट्ट्यात दुकानाच्या पायरीपासून समोरच्या पायरीपर्यंत १२ मीटर भरतात, तिथला हिशोब मांडतो. चालायला मोकळे १.८ मीटर हवेत, ही आयआरसीची, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची, किमान रुंदी आहे. खांब, डीपी (विजेची पेटी), कचरापेटी यांना ०.६ धरा. एका बाजूला २.४, दोन्ही मिळून ४.८. उरले ७.२. दुहेरी वाहतुकीला ३ अधिक ३ दिले, की १.२ मीटर उरतात आणि त्यात धड मोटारसायकलही आडवी लागत नाही. ती मग फुटपाथवर चढते. एकेरी केला तर ४.५ मीटरची वाट आणि २ मीटरचा दुचाकी पार्किंगचा पट्टा बसतो, वर ०.७ उरतात. अग्निशमनची गाडीही जाते. जिथे रुंदी जास्त आहे तिथे प्रश्नच नाही. रस्ता अडतो तो सगळ्यात अरुंद जागी.

ब्रेक-लायनर
हिशोब बरोबर, निष्कर्ष चूक. समोरून काही येत नाही हे कळलं की आपल्याकडे पाय कुठे जातो? ॲक्सिलरेटरवर. आज गर्दीमुळे जो वेग १५-२० आहे तो रात्री आठनंतर आणि दुपारी ४०-५० होईल. ५० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते, म्हणजे ब्रेकवर पाय पडायच्या आधीच १४ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर थांबेपर्यंत आणखी तेवढेच. ३० च्या वेगात हे सगळं मिळून १३-१४ मीटरमध्ये आटोपतं. मधला फरक कोणाच्या अंगावर जातो ते सांगायला नको.

दुसरं, खालच्या रस्त्याचा विचार कोणी केला? वरचं निम्मं ओझं तिकडे ढकलून वरचा सुंदर करायचा, ही कसली सुरक्षा. आणि ज्याला समोरच्या बाजूच्या गल्लीत जायचं आहे तो राजवाड्याला वळसा घालणार नाही, उलटा घुसेल. एकेरीत उलटी आलेली दुचाकी सगळ्यात धोक्याची, कारण रस्ता ओलांडणारा माणूस त्या दिशेला बघतच नाही.

काउंटरमागून
फुटपाथ, वाट, पट्टा सगळं आलं, गिऱ्हाईक कुठे आहे यात? चारचाकी उभी करायला जागा नाही म्हटल्यावर लग्नाचा बस्ता घ्यायला येणारं कुटुंब हायवेलगतच्या मोठ्या दुकानात जातं. आणि माल? छोटा हत्ती दारात लागल्याशिवाय गाठी उतरत नाहीत. हमाल काय अर्धा किलोमीटर पाठीवर आणणार?

मोजपट्टी
@काउंटरमागून, माल उतरवायला सकाळी दहाच्या आत आणि रात्री साडेनऊनंतर वेळ ठेवता येते. शंभर मीटरमागे एक ७ मीटरची खाच ठेवा, पिवळ्या रेषेत, फक्त मालासाठी. पार्किंगचं गणित मात्र तुमच्या बाजूचं नाही. रस्त्याला समांतर लावलेली एक कार पुढचं-मागचं अंतर धरून ६ मीटर खाते. तेवढ्यात आडव्या लावलेल्या सहा दुचाकी बसतात. सहा गाड्या म्हणजे सहा गिऱ्हाइकं, आणि ती तासाभरात बदलतात. दारात दिवसभर उभी असलेली कार बहुतेक वेळा कोणाची असते, हे बाजारपेठेत सगळ्यांना माहीत आहे.

काउंटरमागून
दुकानदारांच्या स्वतःच्या गाड्यांबद्दल म्हणाल तर मान्य, तो दोष आमचाच. पण उपाय पट्टा मारून होत नाही. तासाला पैसे लावा, पहिला अर्धा तास फुकट. नाहीतर सम-विषम तारखेच्या पार्किंगच्या पी-१ पी-२ पाट्या झाडाआड गेल्या तसं याचंही होईल.

गटारविचार
सगळे आडवा छेद काढताय, उतार कोणी बघत नाही. अजिंक्यतारा दक्षिणेला, गाव उत्तरेकडे उतरतं. पाऊस पडला की पाणी वरच्या रस्त्यावर आडवं येतं आणि गल्ल्यांतून खालच्या रस्त्याकडे पळतं. अशा ठिकाणी फुटपाथ १५० मिलिमीटर उचलला आणि कर्ब स्टोन, म्हणजे फुटपाथच्या कडेचे दगड, सलग बसवले, तर दक्षिणेकडच्या दुकानांसमोर तळं होणार. मग दुकानदार पहारीने कर्ब फोडतो आणि सगळे त्याला नावं ठेवतात.

पावसाळी गटार फुटपाथच्या कडेला, वर लोखंडी जाळी. जाळीच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात आणि फट १२ मिलिमीटरच्या आत. उभ्या बसवल्या की काठीचं टोक आणि लहान मुलांच्या सायकलचं चाक त्यात रुततं. चेंबरची झाकणं पेव्हर ब्लॉकच्या पातळीत. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की झाकण खड्ड्यात जातं, म्हणून आधी जुना थर खरवडायचा. निविदेत ही ओळ नसेल तर दोन थरांत तुमचा १५० चा कर्ब ७०-८० वर येतो आणि दुचाकी अलगद वर चढते. फुटपाथ ‘गिळला जातो’ तो असा.

ब्रेक-लायनर
हे पटलं. म्हणूनच म्हणतो, अख्खा रस्ता उकरू नका. पैसा चौकांवर खर्च करा: मोती चौक, देवी चौक, कमानी हौद. माणूस सरळ चालताना कमी मरतो, ओलांडताना जास्त.

एक दृश्य नीट बघा. झेब्रा पट्ट्याला चिकटून टेम्पो उभा आहे. त्याच्या नाकापुढून सात-आठ वर्षांचं मूल पाऊल टाकतं. मुलाची उंची बॉनेटपेक्षा थोडीच जास्त, टेम्पोला घासून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ते दिसतं तेव्हा अंतर दोन-तीन मीटर. इथे पट्टे कितीही पांढरे मारा, उपयोग शून्य. पट्ट्याआधीचे ५-६ मीटर रिकामे पाहिजेत, आणि पाटी लावून ते रिकामे राहत नाहीत. पार्किंगच्या पट्ट्याइतका, म्हणजे २ मीटर, फुटपाथ तिथे पुढे काढा. गाडी लावायला जागाच उरत नाही, मूल टेम्पोच्या रेषेत येऊन उभं राहतं, दोघांना एकमेक दिसतात, आणि ओलांडायचं अंतरही तेवढं कमी होतं.

काठीटेकू
चौक, कर्ब, गाड्या, ठीक. गुडघे दुखणाऱ्या माणसाने फुटपाथ का सोडला हे कोणी विचारलं का? दर दुकानापुढे उतार, मग चढ, मग गल्ली. शंभर मीटरमध्ये दहा वेळा वर-खाली करण्यापेक्षा डांबरावरून चालणं सोपं जातं. गल्लीच्या तोंडाशी फुटपाथ तोडू नका. फुटपाथची पातळी तशीच पुढे न्या आणि गाडीला वर चढून खाली उतरू द्या. खालच्या रस्त्याकडून चढ चढून येणारा गिअर पाडून जोरात येतो, त्यालाही तिथे आपोआप थांबावं लागेल.

सिग्नल लावणार असाल तर तेही सांगतो. पुस्तकात चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. ९ मीटरला साडेसात सेकंद. म्हातारं माणूस ०.८ ने चालतं, त्याला सव्वाअकरा लागतात. उरलेले पावणेचार सेकंद ते रस्त्याच्या मधोमध हॉर्न ऐकत उभं.

सुसाट
एवढं सगळं कशाला? दर शंभर मीटरला स्पीडब्रेकर आणि फुटपाथला रेलिंग. काम तमाम.

ब्रेक-लायनर
@सुसाट, कंत्राटदार एका रात्रीत जो फूटभर रुंदीचा वरंबा टाकतो तो स्पीडब्रेकर नव्हे. आयआरसीचा गोल गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि मधे १० सेंटिमीटर उंच असतो, २५ च्या वेगात गाडी आरामात जाते. अरुंद वरंब्यावर रिक्षातल्या गरोदर बाईला आणि ॲम्ब्युलन्समधल्या पेशंटला दणका बसतो, बुलेटवाला मात्र कडेच्या फटीतून निघून जातो. रेलिंगचं म्हणाल तर माणूस एकदा बाहेरच्या बाजूला अडकला की शंभर मीटर रस्त्यावरूनच चालतो.

मोजपट्टी
रेलिंगऐवजी खांब, म्हणजे बोलार्ड.

काठीटेकू
खांबात किती अंतर? व्हीलचेअरला किमान ९० सेंटिमीटर मोकळे लागतात. स्कूटरचं हँडल साधारण ७०-७५. व्हीलचेअर जाईल तिथून स्कूटर जाणारच. कमी केलंत तर स्कूटर अडेल आणि खुर्चीवालाही.

मोजपट्टी
हा पेच खरा आहे. पूर्ण सुटत नाही. दोन ओळींत, एकाआड एक लावले तर स्कूटरला वळावं लागतं, वेग जातो. खुर्चीला वळायला मधे दीड मीटर ठेवायचे. पण मुळात स्कूटर फुटपाथवर येते ती रस्ता तुंबला म्हणून. आणि एक, चौकातले खांब काढता येण्याजोगे ठेवा, खाली कुलूप असलेले. नाहीतर गणपतीच्या मिरवणुकीच्या आदल्या रात्री गॅस कटर येईल.

काउंटरमागून
हातगाडीवाल्यांचं नाव कोणीच घेतलं नाही, बरं का. उद्या सगळ्यात आधी त्यांनाच उचलतील.

गटारविचार
उचलता येत नाही तसं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात आधी नगर पथविक्रेता समिती, त्यात किमान ४० टक्के विक्रेत्यांचेच प्रतिनिधी, मग त्या समितीने करायचं सर्वेक्षण. मोजपट्टीच्या हिशोबातले उरलेले ०.७ मीटर अरुंद पट्ट्यात हातगाडीला पुरत नाहीत, पण रुंद पट्ट्यात तिला १.२ ची आखीव जागा देता येते. चालण्याच्या १.८ मध्ये मात्र कोणीच नको, दुकानदाराचा पुतळाही नको. फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे कलम २१ चा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलंय. आणि मोटार वाहन कायद्याचं २०१९ मध्ये आलेलं कलम १९८-अ बघा. रस्त्याच्या आराखड्यात मानकं पाळली नाहीत आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड आहे.

मोजपट्टी
मग एकेरीचं काय ते करून बघूनच ठरवू. पोलीस अधीक्षकांची तात्पुरती अधिसूचना, १५ दिवस, त्यात दोन शनिवार-रविवार येतातच, शिवाय एक दाट लग्नतिथी येईल असे. कर्ब नाही, खोदाई नाही. रंग आणि पाणी भरलेले प्लॅस्टिकचे अडथळे.

ब्रेक-लायनर
करा, पण वेग मोजा. रस्त्यावर खडूने ३० मीटरवर दोन रेघा मारा, मोबाइलचं स्टॉपवॉच पुरे. ३.६ सेकंद म्हणजे ताशी ३० किलोमीटर. त्याहून लवकर दुसरी रेघ गाठणाऱ्या गाड्या शेकड्यात १५ पेक्षा जास्त निघाल्या तर एकेरी रद्द. हेच आधी, दुहेरी असतानाही मोजायचं, आणि खालच्या रस्त्यावरही. दुपारी तीन आणि रात्री नऊ, गर्दीच्या वेळी नाही.

मोजपट्टी
१५ टक्क्यांची अट मान्य. रद्द करण्याआधी चौकांतले फुटपाथ पुढे काढून एकदा परत मोजू, एवढं द्या.

ब्रेक-लायनर
दिलं. पण मग चौक आधी झाले ना? मी तेच म्हणत होतो.

गटारविचार
पट्टे दिवाळीनंतर मारा. ओल्या डांबरावर थर्मोप्लास्ट, म्हणजे पट्ट्यांचा वितळवून लावायचा रंग, धरत नाही, महिन्याभरात पापुद्रे निघतात. आणि त्याआधी देवी चौकापासून मोती चौकापर्यंतची चेंबरची झाकणं मोजून यादी करा, कुठलं किती खाली गेलंय ते सेंटिमीटरमध्ये. पट्टे झाकणावर पडले की पुढच्या दुरुस्तीत तेवढाच तुकडा काळा राहतो.