शहर सोडून गावात राहायला गेलात? जागा कशी निवडलीत ते सांगा

आमचं ठरलंय. म्हणजे गावाकडे राहायला जायचं इथपर्यंत ठरलंय, नेमकं कुठे यावर घरात आठ महिने गाडी अडकलीये. नवऱ्याला डोंगराच्या पायथ्याचं, ओढ्याजवळचं घर हवंय, सासूबाईंना दवाखाना जवळ हवा, लेकीला रेंज हवी, आणि माझं मन प्रत्येक जागा बघितली की बदलतं. आतापर्यंत अकरा जागा बघून झाल्या. त्या सगळ्या आम्ही सुट्टीच्या दिवशी, छान हवेत, दुपारच्या वेळी बघितल्यात हे परवा लक्षात आलं आणि धस्स झालं, कारण राहायचं तर बारा महिने आहे. म्हणून हा धागा. तुम्ही कशावरून जागा पसंत केलीत, काय बघायचं राहून गेलं, आज परत निवडायची वेळ आली तर आधी काय बघाल, मोकळेपणाने लिहा. स्वतःवर गुदरलेलं असेल तर जास्त उपयोग होईल.

*

पाण्याचं लिहितो, आमची पहिली दोन वर्षं त्यातच गेली. घर बघितलं तेव्हा पावसाळा नुकता संपलेला, विहीर काठोकाठ, वाकून हात घातला की पाणी लागत होतं. आधीचे मालक म्हणाले कधी आटत नाही, आम्ही मान डोलावली. उन्हाळ्यात पंप सुरू केला की वीस मिनिटांत नळातून फसफस हवा यायला लागायची, मग तीन तास थांबायचं, परत वीस मिनिटं. मालक खोटं बोलले नव्हते, तळाला पाणी असायचंच, पण न आटणं वेगळं आणि चार माणसांना पुरणं वेगळं. शेजारच्या आजोबांनी नंतर मला विहिरीच्या कठड्याशी उभं करून आतले दगड दाखवले, वर शेवाळाचा काळपट हिरवा थर, खाली पांढरट खारासारखे आडवे पट्टे एकाखाली एक. म्हणाले, पाणी दरवर्षी जिथे जिथे मुक्काम करत खाली जातं ना, त्या त्या या रेघा. मी त्या विहिरीत शंभरदा डोकावलो असेन पण बघितलं फक्त पाणी.

आता कोणी विचारलं तर सांगतो, उन्हाळ्याच्या शेवटी जा, दोरीला दगड बांधून पातळी मोजा, पंप दोन-तीन तास सलग चालवा, परत मोजा, आणि पाणी पहिल्या खुणेवर यायला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. बोअर असेल तरी हेच, पातळी मोजायची सोय नसली तर निदान घड्याळ लावून बादली किती वेळात भरते ते बघा, पहिल्या तासाला आणि तिसऱ्या तासाला. फरक पडला तर समजायचं.

आमचं शेवटी छताने निभावलं. हिशोब सोपा आहे, १ चौरस मीटर छतावर १ मिलीमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी. आमचं छत १०० चौरस मीटर, पाऊस ७०० मिलीमीटर धरला तर ७० हजार लिटर, गळती-उडणं जाऊन ५०-५५ हजार हातात. चौघांना रोजचे ४०० लिटर धरले तर चार महिन्यांच्या वर जातं. फक्त ते साठवायला टाकी तेवढी मोठी लागते आणि तिला जागा लागते, म्हणून प्लॉट घेतानाच याचा विचार करा.

*

वरच्यांना अनुमोदन, पण पाणी भरपूर आहे एवढ्यावर थांबू नका, तपासून घ्या. आमचं पाणी दिसायला काचेसारखं, चवीला गोड. बाळ तीन महिन्यांचं होतं, वरचं दूध करायला तेच पाणी उकळून वापरणार होते. तपासणीत नायट्रेट निघालं लिटरला ८० मिलीग्रॅमच्या आसपास, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० आहे. आजूबाजूला वर्षानुवर्षं खत पडलेली शेतं, ते झिरपत येतं. उकळून जंतू मरतात पण नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं, आणि लहान बाळांच्या रक्तातली ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद त्याने कमी होते. हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा हातपाय गार पडले होते. जंतू, नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक या चार गोष्टी तरी तपासा. आणि शोषखड्डा किंवा सेप्टिक टँक, स्वतःचा आणि शेजाऱ्याचाही, विहिरीपासून निदान ३० मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला आहे ना ते पायी चालून बघा. शेजाऱ्याचा बघायला लोक विसरतात.

*

धागाकर्तीच्या मिस्टरांसाठी. आम्ही अगदी तसंच घर घेतलं होतं, पायथ्याला, ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर. तीन वर्षं राहिलो. डोंगर पश्चिमेला, त्यामुळे थंडीत दुपारी साडेतीनलाच सूर्य मागे जायचा आणि भिंती परत कधी तापायच्याच नाहीत. स्वच्छ, वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून पाण्यासारखी खाली येते आणि खोलगटात साचते, हे शाळेत कधीतरी वाचलं असेल पण अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. वरच्या वस्तीपेक्षा आमच्याकडे सरळ चार-पाच अंश कमी असायचं. सकाळी चुलीचा धूर वर जातच नव्हता, गुडघाभर उंचीवर चादरीसारखा पसरून दहा वाजेपर्यंत तसाच. आईला दमा. कपाटातली पुस्तकं मऊ पडली, चामड्याच्या चपलांवर बुरशी, उशांना एक वास यायचा तो उन्हात घालूनही जात नव्हता.

ओढ्याचं तर वेगळंच. काठावरच्या झाडाच्या बेचक्यात वाळलेलं गवत आणि काटक्या अडकलेल्या होत्या, माझ्या डोक्याच्या वर हातभर. मला वाटलं पक्ष्याचं घरटं. दुसऱ्या पावसाळ्यात कळलं की पूर कुठवर येतो त्याची ती खूण होती. माणसं वाचली, सामान गेलं. ओढ्याकाठचं घर बघायला जाल तर झाडांकडे बघा, कुंपणाच्या तारांकडे बघा, कचरा किती उंचीवर अडकलाय ते बघा, आणि गावातली जुनी घरं ओढ्यापासून किती लांब आहेत तेही बघा. त्यांनी उगाच लांब बांधलेली नसतात.

*

मग टेकडीवर घ्यावं म्हणाल तर आम्ही टेकडीवर आहोत. हवा, उजेड, दृश्य, सगळं सुख आहे आणि मी ते सोडणार नाही. पण दर १० मीटर चढाला पंपाला साधारण १ बार दाब जास्त लागतो, आमची टाकी ६० मीटर वर आहे, साधा पंप दोनदा जळला. वारा पत्रे उचलतो. आणि वणवा चढावर जास्त वेगाने धावतो, खालचं गवत पेटलं की वेळ फार थोडा मिळतो, त्यामुळे घराभोवती गवत कापून मोकळा पट्टा ठेवणं हे दरवर्षीचं काम. उताराच्या मधल्या टप्प्यावर, सकाळचं ऊन येणाऱ्या अंगाला घर असावं असं माझं स्पष्ट मत झालंय.

*

लिहू की नको असं होत होतं, पण सासूबाईंचा उल्लेख वाचला म्हणून लिहिते.

आम्ही घर घेताना विचारलं होतं, दवाखाना किती लांब. उत्तर मिळालं १२ किलोमीटर. बरं वाटलं. दोन वर्षांनी पहाटे बाबांना अर्धांगाचा झटका आला, तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना, शब्द फुटेना. अॅम्ब्युलन्सला फोन लागला पण पत्ता सांगता येईना, "वडाच्या पुढे डावीकडे" असे दोन वड आहेत आमच्या रस्त्याला आणि ते पहिल्यापाशी वळले. अर्धा तास तिथे गेला. मग त्या १२ किलोमीटरवरच्या दवाखान्यात पोचलो तर तिथे सीटी स्कॅन नाही. गुठळी आहे की रक्तस्राव ते स्कॅनशिवाय कळत नाही आणि ते कळल्याशिवाय गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येत नाही, आणि ते साधारण साडेचार तासांच्या आतच द्यायचं असतं. स्कॅन पुढच्या शहरात, आणखी ७० किलोमीटर, मध्ये घाट. आम्ही पाच तासांनी पोचलो. बाबा आहेत, चालतात, पण उजव्या हाताने बटण लावता येत नाही अजून.

दवाखाना किती लांब हा प्रश्नच आम्ही चुकीचा विचारला होता. रात्री दोन वाजता सीटी स्कॅन कुठे होतो, सर्पदंशाचं औषध कुठे ठेवलेलं असतं, बाळंतपणात अडलं तर सिझेरियन कोण करतं, असे तीन वेगळे प्रश्न विचारा, तीन वेगळी गावं पुढे येतील. आणि ते अंतर किलोमीटरमध्ये नको, रात्री स्वतः गाडी चालवून मिनिटांत मोजा. आम्ही आता हमरस्त्याला लागून राहतो. गाड्यांचा आवाज येतो, येऊ दे. दाराच्या आत एक पुठ्ठा लावलाय, त्यावर घराचे अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत मोठ्या आकड्यांत. तेवढ्याने मीटरभराच्या आत जागा सापडते, आणि घाबरलेल्या माणसालाही वाचून दाखवता येतं.

*

वाचून सुन्न झाले. बाबांना नमस्कार सांगा.

*

लेकीच्या रेंजबद्दल. मोबाइल हातात धरून अंगणात उभं राहून "दोन कांड्या दिसतायत" म्हणू नका. ज्या खोलीत बसून काम करणार तिथे, दार लावून, संध्याकाळी सात ते दहात एक व्हिडिओ कॉल करा, तेव्हा सगळं गाव टॉवरवर असतं. लाइट गेल्यावर टॉवर किती वेळ चालतो तेही शेजारी विचारा, आमचा दोन तासांनी मरतो. सॅटेलाइट इंटरनेट घेणार असाल तर उपग्रह कुठल्या उंचीचा ते बघा, ३५,७८६ किलोमीटरवरच्या जुन्या प्रकारात सिग्नल जाऊन-येऊन उत्तर मिळायला अर्धा सेकंद सहज जातो, बोलताना एकमेकांवर आदळायला होतं. साधारण ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्यांना तो त्रास नाही, पण त्यांना उघडं आकाश लागतं, दाट झाडीखाली बोंब.

*

रस्ता. एवढंच सांगतो. घरापर्यंतचा रस्ता कोणाच्या जमिनीतून जातो आणि वहिवाटीचा हक्क कागदावर आहे का ते बघा. आमचा तोंडी होता. त्या काकांशी संबंध उत्तम, ते होते तोवर काही अडलं नाही, मुलांनी वाटण्या केल्या आणि एका सकाळी रस्त्यावर काटेरी फांद्या. मोजणी आधी करून घ्या, हद्दीचे दगड स्वतः फिरून बघा.

*

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. मी एकटी राहते, वय ५८. सगळ्यांनी सांगितलं होतं शांतता हवी तर वस्तीपासून लांब घे, एक जागा होती तशी, फार सुंदर. मी वस्तीतलं घेतलं, मधल्या आळीतलं, दोन्हीकडे भिंतीला भिंत. आणि माझं बरोबर ठरलं. शांतता म्हणाल तर पहाटे ट्रॅक्टर, दिवसभर पोरं. पण मी सकाळी दार उघडलं नाही तर साडेसातला समोरची मावशी कडी वाजवते. मागच्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून पडले, खुब्याला चीर गेली, उठता येत नव्हतं, फोन बाहेरच्या खोलीत. मी पडले सहाला आणि साडेसातला कडी वाजली. तो दीड तास मी फक्त घड्याळाची टिकटिक ऐकत होते, पण ती येणार हे मला माहीत होतं.

मैलभर लांब घर घेतलं असतं तर काय, हा विचार मी फार करत नाही. पण एकट्या माणसाने लांब घर घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

*

मी जन्मापासून खेड्यातलाच, बाहेरून येणाऱ्यांची घरं बघत आलोय म्हणून लिहितो. लोक येतात, आम्हाला विचारतात तेव्हा घर घेऊन झालेलं असतं. आधी विचारा की, कोणी नाही म्हणणार नाही. वारा कुठून येतो, कोंबड्यांची शेड कुठल्या बाजूला आहे, फवारणी कधी असते, खडीचे डंपर कुठल्या रस्त्याने जातात, हे आम्हाला झोपेत विचारलं तरी सांगू. एका कुटुंबाने घर घेतलं तेव्हा वारा उलटा होता, सहा महिन्यांनी फिरला आणि शेडचा वास थेट त्यांच्या झोपायच्या खोलीत. ती शेड पंधरा वर्षं तिथेच आहे. त्यांनी तक्रार केली, शेडवाल्याचं पोट त्यावर, गाव दोन तटांत. हे सगळं एका प्रश्नाने टळलं असतं.

*

आम्ही भाड्याने राहून बघितलं एक वर्ष, सगळे ऋतू, आणि परत शहरात आलो. मुलगी तेरा वर्षांची, शाळेची बस सव्वासहाला, घरी साडेपाचला, मैत्रिणी सगळ्या वेगवेगळ्या गावांतल्या. आमच्यासाठी जागा बरोबर होती, तिच्यासाठी नव्हती. ती कॉलेजला गेली की परत जाणार, त्याच गावात, घरही हेरून ठेवलंय. भाड्याने राहिलो म्हणून हे सोपं झालं, विकत घेतलं असतं तर तिच्या चेहऱ्याकडे बघूनही आम्ही हट्ट सोडला नसता.

*

धागाकर्ती. सगळ्यांचे खूप आभार, रात्री घरात मोठ्याने वाचून दाखवलं सगळं. बाबांचा अनुभव वाचताना सासूबाई मध्येच उठून गेल्या. काल परत गेलो त्या ओढ्याजवळच्या घराकडे, या वेळी मुद्दाम संध्याकाळी, पावसात. नवरा आधी झाडांपाशी गेला. काठावरच्या जांभळीच्या फांदीत चिंध्या आणि गवत अडकलेलं होतं, त्याने हात वर करून बघितला, पोचला नाही. काही बोलला नाही, गाडीत येऊन बसला. मग वस्तीतल्या एका आजींनी बोलावलं, त्यांना विचारलं, तर त्यांनी शाळेमागचं एक घर दाखवलं, दोन वर्षं बंद आहे, भाड्याने देतील म्हणाल्या. दार लावून आतल्या खोलीतून लेकीने कॉल लावला, लागला. विहिरीत टॉर्च मारून दगडांवरच्या रेघा मोजल्या, सहा दिसल्या. उन्हाळ्याच्या शेवटी दोरी घेऊन जाणार आहोत.