दिव्यांग मुलासाठी मृत्युपत्र पुरे, की ट्रस्ट हवा?

कुळागर, फोंडा:
माझे वय 71, पत्नीचे 66. थोरला मुलगा मडगावला असतो, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि 34 वर्षांचा धाकटा आमच्याजवळ आहे. त्याला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे. तो पाटाचे पाणी वळवतो, सुपाऱ्या वेचतो, पण शंभराची नोट आणि पाचशेची नोट यांतला फरक त्याला कळत नाही. आमच्या पश्चात घर आणि कुळागर (सुपारीची बाग) त्याच्याच नावावर राहावे, असा मसुदा घेऊन मी सब-रजिस्ट्रारांच्या कचेरीत गेलो, तेव्हा तिथल्या एका जाणत्या माणसाने मला समजावले की यातले अर्धे माझे नाहीच आणि उरलेल्या अर्ध्यातलेही अर्धेच मी मनाप्रमाणे देऊ शकतो.

1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली ही व्यवस्था 2016 पासून लागू झालेल्या गोव्याच्या वारसाहक्क कायद्यातही कायम आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता पती-पत्नीची सामाईक ठरते. मुले असतील, तर प्रत्येकाच्या अर्ध्या वाट्यातला निम्मा त्यांच्यासाठी राखीव राहतो. माझ्या मते खरी अडचण मात्र याच्या पुढची आहे. मृत्युपत्र मालमत्ता कोणाची ते सांगते, ती कोण सांभाळणार ते सांगत नाही. म्हणून मला हाती असलेला भाग ट्रस्टकडे सोपवावा, म्हणजे विश्वस्तांनी तो धाकट्यासाठी सांभाळावा, असे वाटते. विरोधी मते अवश्य मांडावीत.

जुना कारकून, म्हापसा:
मी नोटरीच्या टेबलामागे आयुष्य घालवले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. ट्रस्ट हे इंग्रजी कायद्यातले रोप आहे; आपल्या संहितेच्या मातीत त्याच कामासाठी उपभोगाचा हक्क आहे, ज्याला कचेरीत सारे युझुफ्रुक्ट म्हणतात. मालकी एकाची ठेवून, घरात राहण्याचा व उत्पन्न घेण्याचा हक्क धाकट्याला तहहयात देता येतो. जिवंतपणी ट्रस्ट केला म्हणून राखीव वाटा चुकवता येईल असेही कोणी समजू नये, कारण राखीव वाट्याला कात्री लावणारे दान वारसांच्या मागणीवरून कमी करता येते. शिवाय पत्नीच्या संमतीवाचून स्थावराचे काहीच हलत नाही.

आता हिशेब. समजा सारे मिळून 80 लाखांचे आहे. आपले 40. त्यातले 20 मोकळे, 20 राखीव आणि राखिवाचे तीन भाग म्हणजे प्रत्येकी सुमारे 6.67 लाख. मोकळे सारे धाकट्याला दिले, तर आपल्याकडून त्याला 26.67 लाख मिळतात. पत्नीनेही आपल्या अर्ध्याचे तसेच मृत्युपत्र केले, तर आणखी तेवढेच, म्हणजे 80 पैकी 53 लाखांहून अधिक त्याचे होतात आणि कोणाच्या हक्काला धक्का लागत नाही. एकट्याच्या मृत्युपत्राने हे साधत नाही, आणि लोक नेमके हेच विसरतात. घरी कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेण्याची मुंबई-पुण्याची रीतही इथे चालत नाही. नोटरीसमोरच जावे लागते.

डिचोलीकरीण:
कारकूनबाब, आपला हिशेब बिनचूक आहे, पण आमच्या घरात बिनचूक हिशेबानंतरच सारे बिघडले. वडिलांनी मोकळा वाटा माझ्या दिव्यांग भावाच्या नावे लिहून ठेवला होता. इन्व्हेंटरीत, म्हणजे वाटणीच्या न्यायालयीन कामात, वारसांमध्ये बोली लागली, तेव्हा ज्याच्याकडे रोकड होती त्याने जमीन घेतली आणि भावाला बदल्यात पैसे मिळाले. ते पैसे कोणी खाल्ले असे मी म्हणत नाही. औषधे, छपराची दुरुस्ती, एका नातेवाइकाला दिलेले हातउसने अशा वाटांनी ते चार-पाच वर्षांत संपले. विचारणारा विश्वस्त कोणी असता, तर निदान हातउसने तरी गेले नसते.

जुना कारकून:
बाई, त्या मृत्युपत्रात नुसता ‘वाटा’ न लिहिता नेमके घर आणि सर्व्हे नंबर लिहिला असता, तर भावाची बाजू बरीच भक्कम झाली असती. आणि विचारणारा म्हणाल, तर दिव्यांगांसाठीच्या 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समिती पालक नेमते. त्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी जमाखर्च द्यावा लागतो. घरगुती विश्वस्ताकडे हिशेब कोण मागतो?

डिचोलीकरीण:
तो पालक हिशेब देईल, पण कुळागर रोज कसे चालवावे हे त्याला ठाऊक असेलच असे नाही. आणि कर टाळता येत नाही म्हणून ट्रस्टला नाके मुरडणाऱ्यांसाठी सांगते की मृत्युपत्राने केलेल्या एकमेव ट्रस्टला साधारणपणे प्राप्तिकराच्या सर्वोच्च दराची शिक्षा होत नाही; ती जिवंतपणी केलेल्या, लाभार्थींचे वाटे न ठरवलेल्या ट्रस्टला होते.

मडगावची सून:
काका, मी आपल्याला ओळखत नाही, पण आपल्या थोरल्याच्या घरातली बाजूही कोणीतरी मांडायला हवी. राखीव वाट्याला सारेजण अडचण म्हणत आहेत. तो नसता, तर आपल्याकडे किती मुलींना माहेरची एक माडाची रांग तरी मिळाली असती? दिराला सांभाळण्याचे काम शेवटी आमच्यासारख्यांवरच येते आणि मृत्युपत्र लिहिताना आम्हालाच कोणी विचारत नाही. विश्वस्त म्हणून आमचे नाव घालणार असाल, तर आधी सांगा.

कुळागर, फोंडा:
कारकूनबाब, पत्नीचेही मृत्युपत्र हवे, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. घरातले कागद नेहमी मीच केले, ही त्यामागची सवय. घरासाठी उपभोगाचा हक्क मला पटला. कुळागराचे मात्र पटत नाही, कारण शिंपणे, खत, पाडेली (झाडावर चढून फळे उतरवणारा) आणि सुपारीची विक्री हे सारे कोणीतरी ठरवावे लागते आणि धाकटा ते ठरवू शकत नाही. तेवढ्यापुरता, मृत्युपत्रातूनच, ट्रस्ट करावा असे माझे मत कायम आहे. सूनबाईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. थोरल्याचे नाव मी मसुद्यात तिसऱ्या ओळीवर लिहिले आहे आणि त्याला अजून फोन केलेला नाही.